दोराचं दुसरं टोक

"ह्यो दोर मुका हाय."

पाठीमागून आवाज आला आणि माझ्या हातातलं वेटोळं सुटलं. पाच महिने कानावर मराठीचा एक शब्द पडला नव्हता. वळून बघतो तर एक म्हातारी. जहाजाच्या कंपनीनं सगळ्यांना वाटलेला लाल कोट तिच्या गुडघ्यांपर्यंत आलेला, खाली लुगड्याचा काष्टा, पायात रबरी बूट. कपाळावर कुंकू नव्हतं, हिरवं गोंदण होतं. तिच्या पाठीमागून बर्फाचा एक डोंगर पाण्यातून चालला होता. देवळाएवढा म्हणत नाही मी, गावाएवढा. पोटात निळा उजेड घेऊन, कसलाही आवाज न करता. ती त्याच्याकडे पाठ करून माझ्या दोराकडे बघत होती.

"मुका म्हणजे?"

"मराटी हाईस व्हय." तिला काही नवल वाटलं नाही. जगाच्या बुडाशी मराठी माणूस भेटणं म्हणजे बाजारात शेजारीण भेटावी तसं. तिनं वाकून दोर उचलला, नखानं दाबला, नाकाशी नेला. "वासच न्हाई ह्येला. अंबाडीचा दोर वल्ला झाला की हातात बोलतो. ह्ये निस्तं शेपूट. काय करता ह्येचं?"

"उद्या लोक पाण्यात उड्या मारणार आहेत, मावशी. त्यांच्या कमरेला बांधायचा."

"कोन बुडालंय?"

"कोणी नाही."

"मंग पान्यात कशाला जायाचं?"

"हौस."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची चेष्टा करतोय आणि तीही वाईट करतोय.

मी हरेश्वर तांडेल, श्रीवर्धनकडचा. आमचं घराणं समुद्रातलंच. दक्षिण ध्रुवाच्या बर्फात पैसेवाल्यांना फिरवून आणणाऱ्या त्या जहाजावर मी खलाशी होतो आणि माझं नाव हॅरी होतं, कारण हरेश्वर म्हणायला त्यांची जीभ वळत नव्हती आणि वळवून घ्यावी असं कोणाला वाटतही नव्हतं. गंज खरवडायचा, रंग मारायचा, रबरी बोटी पाण्यात सोडायच्या. आणि प्रत्येक सफरीत एकदा, उडीच्या दिवशी, दोर धरायचा.

उडी म्हणजे असं. जहाज एखाद्या शांत खाडीत थांबवायचं. कुशीतलं लोखंडी दार उघडून पाण्यालगत चौथरा लावायचा. एकेकानं यायचं, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराचं टोक माझ्या हातात. पाणी उणे एक अंश. खारं आहे म्हणून गोठत नाही, एवढंच. माणूस उडी मारतो, छातीत लाथ बसल्यासारखा श्वास ओढतो, किंचाळतो आणि शिडी धरून वर येतो. पाच-सात सेकंदांचा खेळ. वर आल्यावर टॉवेल, दारूचा घोट आणि शूरपणाचा छापील कागद. त्या कागदाची मला चीड होती. माझा सख्खा चुलता होडी उलटल्यावर दोन रात्री एका पिंपाला धरून समुद्रात होता. त्याला कोणी कागद दिला नाही. उलट होडी का बुडवलीस म्हणून मालकानं शिव्या दिल्या.

म्हातारीनं दोर खाली ठेवला नाही.

"मलाबी जायाचंय," ती म्हणाली.

"कुठे?"

"पान्यात. उद्या."

तेवढ्यात वरच्या डेकवरून तिची मुलगी खाली आली. तिला मी ओळखत होतो. ललिता मॅडम, समुद्रातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचा अभ्यास करायच्या आणि संध्याकाळी प्रवाशांना त्यावर व्याख्यान द्यायच्या. त्या मराठी आहेत हे त्यांच्या नावाच्या पट्टीवरून मला कळलं होतं. पण पाच महिन्यांत त्या माझ्याशी इंग्रजीच बोलल्या होत्या. शास्त्रज्ञांना सफरीत घरचा एक माणूस आणता यायचा. त्यांनी आई आणली होती.

"आई, तू इथे काय करतेस?"

"दोर बगतीया."

ललितानं दोराकडे बघितलं आणि चेहरा मिटून घेतला. "चल. जेवायची वेळ झाली."

"ह्यो पोरगा म्हनतो, उद्या पान्यात जायाचंय."

"मी म्हणालो नाही, मॅडम. त्याच म्हणाल्या."

"तू जाणार नाहीस," ललिता म्हणाली. "चौसष्ट वय आहे तुझं."

"वय पान्याला इचारू. तू कशाला सांगतीस?"

ललिता निघून गेली. आईला तिथेच सोडून. मला ते विचित्र वाटलं. आपल्याकडची मुलगी आईशी भांडेल, तोंड फिरवेल, पण परमुलखात, उघड्या डेकवर तिला एकटी टाकून जाणार नाही.

म्हातारीचं नाव पुतळाबाई भोई. भीमेकाठची, दौंडच्या खालची. आमच्या बंदरात जसे आम्ही, तसे नदीवर ते. मासेमारी, नाव चालवणं, आणि तिसरं काम म्हणजे मढी काढणं. नदीत कोणी बुडालं की पोलीस भोयाच्या दारात. सगळा गाव काठावर नाकाला रुमाल लावून उभा राहणार आणि भोई पाण्यात जाणार. वर आणलेल्या मढ्याजवळ मग त्याचे सोयरे रडणार, आणि भोयाला कोणी चहाचा कपसुद्धा हातात देणार नाही, कारण त्या हातानं मढं धरलेलं. हे मला तिनंच सांगितलं. कसलाही राग न धरता, भाकरी कशी थापायची ते सांगावं तसं.

"मालक खाली जायाचा, मी दोर धरायची. भोयाचा दोर बायकोच धरती. दुसऱ्याच्या हातात जीव द्यायचा न्हाई आसं हाय आमच्यात." तिनं दोर डाव्या तळहातावरून घेतला, कमरेमागून फिरवला आणि उजव्या हातात धरला. इतकं सहज, की वीस वर्षं खलाशी असूनही मला आपले हात उपरे वाटले. "एक हिसका आला की ढील द्यायची. दोन आले की वडायचं. आन् पान्याकडं बगायचं न्हाई. दोराकडं बगायचं."

"का?"

"पान्यात सतरा गोष्टी हालत्यात. डोळं फशिवत्यात, बाबा. हात फशिवत न्हाई."

मी मान डोलावली. आमच्यातही म्हातारे असंच सांगायचे.

"उद्या माजा दोर तू धर," ती म्हणाली. "पन माज्या रीतीनं. दोन आल्याबिगर वडायचं न्हाई."

"मावशी, इथे नियम आहे. पाच मोजायचे. पाचाला डोकं वर दिसलं नाही तर ओढायचं. नाही ओढलं तर माझी नोकरी जाते."

"आन् तू वडलंस तर मी हितवर कशाला आले?"

ती आता त्या बर्फाच्या डोंगराकडे वळली. तो जहाजाच्या मागे गेला होता, तरी दिसायचा थांबला नव्हता. त्याच्या कडेवरून पक्ष्यांची एक ओळ जात होती आणि त्या कडेपुढे ती मोहरीच्या दाण्यांएवढी दिसत होती.

"ह्ये समदं पानीच हाय का रे?"

"पाणीच. हजारो वर्षांपूर्वी बर्फ होऊन पडलेलं, साठलेलं."

ती खूप वेळ बघत राहिली. तिच्या ओठांवर बोट होतं.

"पानी उभं ऱ्हातं," ती हळूच म्हणाली. "मला कुनी सांगितलंच न्हाई. आमच्या भीमेला मी किती हाका मारल्या हुत्या, उभी ऱ्हा म्हनून. एवढा येळ उभी ऱ्हा."

तेव्हा मी तिला शब्द दिला. का दिला हे मी आज बारा वर्षांनीही नीट सांगू शकत नाही. मी दयाळू माणूस नव्हे.

मोहिमेची प्रमुख मारित नावाची नॉर्वेजियन बाई होती. उंच, उन्हानं भाजलेली, सरळ. पुतळाबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि पाण्याकडे, स्वतःच्या छातीकडे, आकाशाकडे असं तीनदा बोट केलं. मारितला काय कळलं देव जाणे. तिनं डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरनं रक्तदाब मोजला, हृदय ऐकलं, पुन्हा मोजला आणि म्हणाला, हिचं हृदय माझ्यापेक्षा बरं आहे. ठरलं ते असं: उडी नाही, शिडीनं उतरायचं. एक बुडी. सगळ्यात शेवटी.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका खाडीत थांबलो. तिन्ही बाजूंनी डोंगर, त्यांच्या अंगावरून उतरलेलं बर्फ थेट पाण्यापर्यंत आणि पाणी इतकं निवळ की जहाजाच्या पोटाचा लाल भाग खोलवर, पार बुडापर्यंत दिसत होता. मध्येच डोंगरातून तोफ सुटल्यासारखा आवाज यायचा. कुठेतरी बर्फाचा कडा आतून तडकत असे, आणि दिसत मात्र काही नसे. मी त्या खाडीत आधी तीनदा आलो होतो. दर वेळी मी तिकडे पाठ करून दोर आवरले होते.

मी चौथऱ्यावर पट्टे तपासत होतो तेव्हा ललिता आली. पहिल्यांदाच मराठीत बोलली.

"तांडेल, तिनं तुम्हाला काय सांगितलंय?"

"दोन हिसके आल्याशिवाय ओढू नको."

ती शिडीच्या दांड्याला धरून उभी राहिली. हातमोजे घातले नव्हते. लोखंड हाताला चिकटत असणार, पण तिच्या लक्षात आलं नाही.

"माझा बाप तिच्या दोरावर मेला," ती म्हणाली.

मी पट्टा खाली ठेवला.

"मी अकरा वर्षांची. पुलावरून जीप नदीत पडली होती. तिघं होते. दोघं सापडले, तिसरा आत अडकलेला. पुढाऱ्याचा भाचा होता तो. माघाचा महिना, धरणातून पाणी सोडलेलं. बाप म्हणाला, उद्या उतरतो, पाणी ओसरू द्या. फौजदार म्हणाला, आत्ता. भोयाला नाही म्हणता येतं का? गेला तो. आई दोर धरून बसली, नेहमीसारखी. पाण्याकडे पाठ. मी काठावर उभी. मला दोर पाण्यात शिरतो ती जागा दिसत होती. एक हिसका आला, तिनं ढील दिली. मग थोड्या वेळानं आणखी आले. दोन. मला दोन दिसले, तांडेल. पाण्यावर दोन वेळा टोच पडली. मी ओरडले, आये, दोन. ती म्हणाली, एकच हाय. आणि तिनं आणखी ढील दिली."

डोंगरातून पुन्हा तोफ सुटली.

"पंचनाम्यात मला विचारलं, किती? मी म्हणाले, दोन. तिला विचारलं, ती म्हणाली, एक. फौजदाराला तेच हवं होतं. त्यानं लिहिलं, दोर धरणाऱ्या बाईच्या हलगर्जीमुळे. पुरात माणूस घातला कोणी, याची एक ओळ नाही. अकरा वर्षांच्या पोरीच्या साक्षीवर सुटला तो. पुढे गावात बायका तिला पाणवठ्यावर येऊ देईनात, नवरा खाल्ला म्हणून." तिनं मान वर केली. "सत्तावीस वर्षं आम्ही एका घरात राहतो. ती रांधते, मी जेवते. त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. मला वाटतं, ती खोटं बोलली. घाबरून. आणि तिला वाटतं, मी बोलले."

"मग इथे कशाला आणलीत?"

"माझं दुसरं कोण आहे?" ती म्हणाली. मग आवाज खाली गेला. "ती वर यायला उतरत नाहीये, असं मला वाटतं. पाचाला ओढा. तिचं काही ऐकू नका. मला शब्द द्या."

मी तिलाही शब्द दिला. आता दोन बायकांना दोन शब्द दिले होते आणि दोर एकच होता.

उड्या सुरू झाल्या. वरच्या डेकवर कर्ण्यातून धांगडधिंगा वाजत होता. एक टक्कल पडलेला जर्मन दोनदा उडी मारून गेला, कारण पहिल्या वेळी त्याच्या बायकोचा फोटो नीट आला नव्हता. एक पोरगी चौथऱ्यावर येऊन रडली आणि परत गेली, तर सगळ्यांनी तिलाही टाळ्या दिल्या. अठ्ठेचाळीस माणसं मी सोडली आणि ओढली. एकाचंही तोंड मला आठवत नाही.

मग पुतळाबाई आली.

कोट काढलेला. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, पदर कमरेला करकचून खोचलेला, पाय उघडे. दंडाची कातडी लोंबत होती, पण खांदे अजून दोर धरणाऱ्याचे होते. मी तिच्या कमरेला पट्टा बांधला.

"ती बाजंत्री बंद कर म्हनावं," ती म्हणाली.

मी मारितला सांगितलं. मारितनं वर हात केला आणि गाणं थांबलं.

मग जे झालं त्याला शांतता म्हणायचं तर दुसरा शब्द नाही म्हणून. खाडी एकदम जवळ आली. पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फाच्या तुकड्यांमधून हजारो वर्षांची हवा बाहेर पडत होती, तडतड, तडतड, तव्यावर मोहरी उडावी तशी. लांब कुठेतरी देवमाशानं श्वास सोडला आणि तो एवढा सावकाश होता की आपण श्वास घेतो ते घाई करतो असं वाटावं. वर शंभरेक माणसं कठड्याला टेकून उभी होती.

ललिता माझ्या उजवीकडे, चौथऱ्याच्या कडेला उभी होती. आईनं तिच्याकडे बघितलं नाही. खाली वाकून तिनं पाण्याला बोटं लावली, ती डोळ्यांना लावली आणि शिडीवरून उतरायला लागली. पहिल्या पायरीला तिचा श्वास अडकला. दुसरीला ती थांबली. गळ्यापर्यंत पाणी आल्यावर तोंड उघडं पडलं, श्वास धापांनी येऊ लागला. अशा वेळी माणूस ओरडतो. ती ओरडली नाही. धाप बसेपर्यंत थांबली. मारितनं घड्याळाकडे बघितलं.

"माज्याकडं बगू नगंस," पुतळाबाई मला म्हणाली. "दोराकडं बग."

आणि ती खाली गेली.

मी दोराकडे बघितलं. डाव्या तळहातावरून, कमरेमागून, उजव्या हातात. तिनं दाखवला होता तसाच मी तो धरला होता. एक. दोन. तीन. हिसका आला, स्वच्छ, दार ठोठावल्यासारखा. मी दोन वाव ढील दिली, पसरल्या हातांच्या दोन मापांएवढी. चार. पाच.

"हॅरी," मारित म्हणाली. "ओढ."

सहा.

"हॅरी."

मी ओढला नाही. त्या दिवशी संध्याकाळी मला दोरावरून काढलं आणि उरलेला हंगाम गंज खरवडायला बसवलं. बरोबरच केलं त्यांनी. पण त्या क्षणी मला मारितचा आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा ऐकू येत होता. माझं सगळं अंग त्या तळहातात जाऊन बसलं होतं. सात. आठ. मग तळहातात हिसका आला.

एक. ढील मागतेय. मी दोर सोडला.

"दोन," ललिता म्हणाली. "तांडेल, दोन आले."

"एक," मी म्हणालो.

"दोन आले. मला दिसले."

"एकच." मी मान वळवली नाही. तिचा राग आला मला. इतक्या खात्रीनं मी आयुष्यात काही बोललो नव्हतो; आईची शपथ घेतली असती त्या एकावर. आणि हात दोर सोडत होता. आणखी एक वाव. आणखी एक.

"ओढ की रं," ललिता ओरडली, आणि तो आवाज शास्त्रज्ञबाईचा नव्हता. तो भीमेच्या काठावरच्या पोरीचा होता.

तेव्हा मी पुतळाबाईचा नियम मोडला. पाण्याकडे बघितलं.

ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिथलं पाणी पाण्यासारखं दिसत नाही. हिरव्या काचेत एक बाई उभी होती. डावा हात शिडीच्या शेवटच्या पायरीत कोपरापर्यंत अडकवलेला, पांढरे केस सुटून वर आलेले, हळूहळू पसरत चाललेले. आजूबाजूनं नखाएवढे काचेचे जीव चमकत, उघडझाप करत जात होते. तिच्या पायाखाली तळ नव्हता, नुसता निळेपणा होता आणि तो खाली काळा होत होत गेला होता. ती त्या सगळ्याच्या तोंडावर उभी होती आणि डोळे उघडे ठेवून वर बघत होती. धडपडत नव्हती. वाट बघत होती. पट्ट्यापासून दोराचा एक मोठा झोल पाण्यात सैल लोंबत होता. मी दिलेली ढील. सगळी तिथे पडून होती. मागच्या दोनांतला पहिला हिसका त्या झोलानं गिळला होता. दुसऱ्यानं दोर ताठ झाला, तोच तेवढा माझ्यापर्यंत पोचला.

मी ओढायला लागलो. दोर रिकामाच येत होता, हात हात रिकामा, आणि मग एकदम त्यात वजन आलं. माझ्या हातांच्या पुढे आणखी दोन हात दोरावर आले. ललिता. आम्ही दोघांनी ओढलं. तिच्या नखांखालून रक्त आलं ते मला नंतर दिसलं.

पुतळाबाईचं डोकं वर आलं आणि तिनं जो श्वास घेतला तो खाडीच्या त्या टोकाला ऐकू गेला असेल. मारितनं एका काखेत हात घातला, मी दुसऱ्या. लाकडासारखी कडक झाली होती. चौथऱ्यावर बसवली. डॉक्टरनं घोंगड्यांवर घोंगड्या टाकल्या, मनगट धरलं, काहीतरी विचारत राहिला. वर कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि कोणी साथ दिली नाही म्हणून थांबवल्या. तिचे दात वाजत होते, ओठ जांभळे पडले होते, पण डोळे लख्ख होते. तिनं डॉक्टरचा हात बाजूला केला आणि मला जवळ बोलावलं.

"किती?" ती म्हणाली.

मला ओशाळं वाटलं. "पहिल्यांदा एक. मग..."

"मागलं सांग. मागलं किती?"

"एक, मावशी. मला एकच आला. देवाशप्पथ."

तिनं मान हलवली. जरा दम घेतला. मग ललिताकडे वळली. मला वाटतं, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं मुलीकडे तसं सरळ बघितलं असेल.

"तुला?"

ललिता गुडघ्यांवर बसली होती, आईची बर्फासारखी पावलं दोन्ही हातांनी चोळत. तिनं एक हात वर केला. दोन बोटं.

पुतळाबाई त्या बोटांकडे बघत राहिली. लांब देवमाशानं पुन्हा श्वास सोडला. तिनं घोंगडीतून आपला हात काढला, ती दोन बोटं मुठीत धरली आणि मिटून टाकली.

"मी दोनच दिल्ते," ती म्हणाली. "म्हंजी मालकानंबी मागितलं आसंल."

ललितानं आईच्या पावलांवर डोकं ठेवलं. म्हातारीनं ते ठेवू दिलं. मग माझ्याकडे बघून, पंचनामा लिहायला बसलेल्या माणसाला सांगावं तसं, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "पोरगी खरं बोलत हुती." आणि थोड्या वेळानं, "आन् मीबी."